ताणलेली टेप

घरात तिला भिंगरी म्हणत, आणि त्या संध्याकाळी भिंगरी जरा जास्तच गरगरत होती. उद्या वर्गात तिला अवकाश-काळ समजावून सांगायचा होता. आईच्या कात्रणांतलं ताणलं जाणारं कापड तिने बादलीच्या तोंडावर घट्ट बांधलं, मधोमध लोखंडी वजन ठेवलं, कडेने गोटी सोडली. गोटी गोल गोल फिरून खळग्यात जाऊन बसली. अवकाश-काळ असाच ताणला जातो, अगदी इलॅस्टिक, तिने ऐटीत जाहीर केलं.

इलॅस्टिक म्हणजे आईचा प्रांत. कपड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं मशीनवर मान मोडल्यावर तिला गेल्या आठवड्यात कटिंगच्या टेबलावर घेतलं होतं, तेही एका ऑर्डरपुरतं, हात बघायला. इस्पितळाचे दोनशे पायजमे. कमरेचं इलॅस्टिक तिने कापलं, तेही स्वतःच्या जुन्या कापडी टेपने. कारखान्याची टेप तिला परकी वाटायची.

आईने वजन उचललं. कापड सपाट झालं. तुझा अवकाशही असा जागेवर येतो का, तिने विचारलं. आणि ताणलं हे कळलं कशावरून? मोजून, भिंगरी म्हणाली.

"कशाने मोजणार? टेप त्याच कापडाची असली, तर तीही ताणली जाणार. मग कळलं काय, कपाळ?"

 अवकाशाच्या बाहेर उभं राहून पट्टी लावायला जागाच नाही, एवढं भिंगरीने वाचलं होतं. पण प्रश्न असला झकास होता की उद्या वर्गाला हेच दाखवायचं तिने ठरवलं. आईची टेप ओढली, दप्तरातली स्टीलची पट्टी शेजारी ठेवली.

टेपचे बारा इंच पट्टीवरच्या बाराच्या पुढे पाव इंच गेले होते.

"आई, तुझी टेपच अवकाश झाली की गं!" ती खिदळली. आपले फ्रॉक कायम ढगळ का, तेही आता कळलं. 'वाढतं अंग आहे, असू दे,' आई म्हणायची. घरातलं सगळं त्याच टेपने मोजलेलं, मग कुणाला काय खटकणार?

आई हसली नाही. छत्तीस इंचांच्या पट्ट्यात पाऊण इंच जास्त. चुण्यांत इलॅस्टिक दडतं, शिवणाऱ्यांनाही कळलं नसणार. इस्पितळात मात्र दोनशे माणसं एका हाताने पायजमा धरून चालणार.

तिने स्वतःच कारखान्यातल्या कटिंग मास्तरांना फोन लावला. पायजम्यांची गाडी दुपारीच गेली होती. पाव इंच खपतो, पाऊण नाही, मास्तर म्हणाले. उद्यापासून तिने परत मशीनवर बसायचं.

भिंगरीने हट्ट धरला, मी बोलते त्यांच्याशी, चूक टेपची आहे, पट्टी लावून दाखवते.

"टेपची असेल. कापलं कुणी?"

भिंगरीने पट्टी परत दप्तरात ठेवली. इतकं वाचलेलं, आणि कामाचं एक वाक्य नाही. आईने सवयीने टेप गळ्यात घातली, मग काढली, आणि ती कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून बसली.