समोरच्याचं नाव घ्यायचं नाही

लहानपणी कबनूरला आमच्या घरात माग होते. त्यांच्या खडखडाटात मी आणि माझी थोरली बहीण चन्नम्मा अक्का आमची वेगळीच भाषा बोलायचो. बाकी शब्द घरचेच, थोडे मराठी, थोडे कानडी. विशेषण मात्र एकही घेतलं नव्हतं. वस्तूच्या मागं माणसाचं नाव लावायचं, झालं. गुरुसिद्ध काका कशानंही विरघळायचे, डोळे पुसत बसायचे. म्हणून गिचका झालेला भात म्हणजे ‘भात गुरुसिद्ध’. सैल बसलेली गाठसुद्धा ‘गाठ गुरुसिद्ध’. निंगव्वा काकूचं नाव झणझणीत खर्ड्याला, आणि मे महिन्यातल्या तापल्या फरशीलाही.

एकदा जेवताना अक्का ओरडली, “आज भात गुरुसिद्ध!” काका “ओ” म्हणून ताटावरून उठले. अर्थ कळल्यावर जेवलेच नाहीत. त्या दिवशी अक्कानं नियम केला : समोर असलेल्या माणसाचं नाव लावायचं नाही.

भाषा येणाऱ्या आम्ही दोघीच, ती बोलायची तेव्हा समोर मी असायचेच. त्यामुळं माझ्या नावाचा अर्थ मला कधी कळलाच नाही. ती सासरी गेल्यावर उन्हात तापलेल्या वाकळेला मी एकटीच ‘वाकळ चन्नम्मा’ म्हणायचे. पण ती ‘नीलव्वा’ कशाला लावत असेल? विचारलं की हसायची. “तू नसतीस तवा म्हणते की!”

यंदा अक्काला माणसं ओळखू येईनाशी झाली. ती कोल्हापूरला मुलाकडं, शशिधरकडं असते. गेल्या आठवड्यात मी एसटी पकडली. आज विचारायचंच, नाहीतर राहूनच जाईल, एवढंच डोक्यात होतं.

दारातच तिची सून सुष्मिता म्हणाली, “मावशी, मनाला लावून घेऊ नका हं. काल ह्यांनाच म्हणाल्या, लाइटबिल घेऊन आलाय काय?”

अक्का गॅलरीत उन्हाला बसली होती. “पावणं कुठलं म्हणायचं?”

“कबनूरचं.”

“मग बसा की! उभं का?”

केस पार विस्कटले होते. डोक्याला कुणाला हात लावू देत नाहीत, सुष्मिता म्हणाली. मी तेलाची वाटी मागून घेतली आणि बोटांनी एका बाजूच्या जटा सोडवू लागले. अक्कानं आधी मान झटकली, मग सैल सोडली. डोळे मिटले.

“हात नीलव्वा,” ती पुटपुटली.

माझी बोटं थांबली. नियम ती विसरली नव्हती. तिच्या लेखी मी तिथं नव्हते.

“नीलव्वा म्हंजे कसा वो?” मी विचारलं.

“धाकटी बहीण हाय माझी. नळाला पाणी येतंय तवर आपली घागर कुणी भरून ठेवली, तर ती घागर नीलव्वा. मागावं लागत न्हाय, आदीच आलेलं असतंय.” मग आवाज बारीक केला. “तिला सांगू नका हं, पावणं. समोर म्हणायचं न्हाय, असं ठरलंय आमचं.”

माझं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

“न्हाय सांगत,” मी म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूच्या जटा सोडवायला घेतल्या.