हरणीचा कान

बेलघाट नगरपालिकेत आज वार कोणता हे कॅलेंडर न बघताही कळतं. सकाळी कुत्र्यांचं केकाटणं कानावर आलं की समजायचं, सोमवार आहे आणि आरोग्य विभागाची जाळीची गाडी निघाली आहे. मंगळवारी गल्लीबोळातून डासांचा धूर. बुधवारी घरपट्टीवाले दारोदार. गुरुवारी आठवडी बाजार, म्हणून अतिक्रमण विभाग चुन्याची फक्की आणि दोरी घेऊन रस्त्यावर. शुक्रवारी टाक्या धुवायच्या म्हणून नळ कोरडे. आणि शनिवारी अकरा वाजता सगळ्या विभागांची आढावा बैठक. तिथं प्रत्येकानं उठायचं, आपल्या आठवड्याचा आकडा सांगायचा आणि खाली बसायचं. कृष्णेकाठचं एवढंसं गाव, पण आकड्यांचा थाट असा की मुंबईनं लाजावं.

सोमवार केरबाचा. बारा वर्षं तो मोकाट कुत्री पकडत होता, तेही कंत्राटावर. कुत्री धरायची, पालिकेच्या केंद्रात न्यायची, तिथं डॉक्टरीणबाई नसबंदी करणार, ओळखू यावं म्हणून कानाचा एक तुकडा कापणार आणि शनिवारी केरबानं ज्या कुत्र्याला जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं. काम पुण्याचं की पापाचं, याचा निकाल गावानं कधीच लावला नव्हता. कुत्रं चावलं की सगळे केरबाला फोन करत आणि कुत्रं धरलं की तेच सगळे केरबाला शिव्या घालत. चहाटपरीवालासुद्धा म्हणायचा, "गाडी जरा लांब लाव बाबा, गिऱ्हाईक पळतंय."

आठवड्याला बारा कुत्री, असा हिशेब ठरलेला होता. दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत केरबाचे नऊ आणि दहाच झाले. आरोग्य निरीक्षक विश्वजितसाहेबांनी भर बैठकीत त्याला उभं केलं. "केरबा, बारा जमत नसतील तर सांग. गटारावर माणसं कमीच आहेत." सगळे हसले. केरबाही हसला. गटारात उतरून त्याचा थोरला भाऊ छातीच्या दुखण्यानं गेला होता, आणि ते साहेबांना माहीत नसलं तरी केरबाच्या बायकोला पक्कं माहीत होतं.

म्हणून दिवाळीनंतरच्या सोमवारी अकरा कुत्री गाडीत भरल्यावर तो केंद्रावर न जाता बंधाऱ्याच्या वाटेला वळला. सोयाबीन काढलेल्या एका रानात मेंढरांचा तळ पडला होता. पूर्वेकडचे मेंढपाळ दरसाल दिवाळी झाली की येत, शेतकरी खतासाठी आपापल्या रानात त्यांची मेंढरं बसवून घेत आणि चार-सहा दिवसांनी तळ पुढं हलत असे. रस्त्याच्या कडेला, नदीच्या उतारावर, एक तांबूस रंगाची उंच कुत्री पाणी पिऊन वर येत होती. केरबानं जाळं टाकलं. ती पळाली नाही की चावली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. उचलताना त्याच्या हाताला तिची आचळं लागली. ती भरलेली होती.

दूध पाजणारी कुत्री धरायची नाही, हा नियम केरबाला पाठ होता. गाडीच्या मागच्या दारावर तो लिहिलेलाच होता, आणि ते दार तोच दिवसातून दहा वेळा उघडत होता. तळ दोनशे पावलांवर दिसत होता. हाक मारली असती तर कुणीतरी धावत आलं असतं. केरबानं हाक मारली नाही. त्यानं दार लावलं आणि मनातल्या मनात म्हणाला, बारा झाले.

मंगळवारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर उत्कर्षा थबकली. पोरगी तरणी, कामाला चोख. "केरबादादा, हिला दूध आहे. पिल्लं होती का?"

"न्हाई मॅडम. आजूबाजूला लय बघितलं. पिल्लं मेली असतील, जुनं दूध हाय."

तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग बाराव्या पिंजऱ्याच्या कार्डावर "पिल्ले नाहीत" असं लिहिलं आणि कामाला लागली. तिचा केरबावर विश्वास होता. नेमकं तेच त्याला रात्रभर टोचत राहिलं.

बुधवारी दहाच्या सुमारास पालिकेच्या आवारात एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर, पायात जाड वहाणा आणि पदराचा ओचा पोटाशी घट्ट धरलेला. तिचं नाव सुलाबाई. तिची कुत्री सोमवारपासून गायब होती आणि जाळीची गाडी तिला घेऊन गेल्याचं बंधाऱ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनी तिला सांगितलं होतं. आत शिरल्यावर पहिलं दार पाणीपुरवठ्याचं होतं. तिथं शुक्रवारी पाणी नाही याची सूचना छापायची घाई चाललेली. त्यांनी तिला करविभागात पाठवलं. करविभागातली माणसं वसुलीला गेलेली, उरलेल्या एकानं परवाना खिडकी दाखवली. परवाना खिडकीवर माया नावाची लिपिक होती. तिनं समजुतीनं सांगितलं, "आजी, कुत्रं तुमचं आहे याचा परवाना लागतो. त्याला घरपट्टीची पावती जोडा."

"आवं बाई, आमचं घर रोज चालतंय. पट्टी कुण्या गावाला भरू?"

मायाला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. तिनं बाहेर बोट दाखवलं. बाहेर, गाडी धुणारा केरबा पाठमोरा उभा होता.

"लेकरा, माजी हरणी तुज्याकडं हाय का रं? तांबडी हाय, उंच हाय. लय गुणाची हाय."

केरबाच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. "मावशी, कुत्री लय असत्यात," तो कसंबसं म्हणाला. "शनवारी सोडतो आमी समदी. जिथनं धरली तिथंच. तुमची असली तर येईल तळावर."

"शनवारी तळ कुठला? उद्या सकाळी आमी उंब्रजकडं हलनार. मालकानं रान ठरवलंय, मेंढरं थांबत्यात व्हय?" असं म्हणून म्हातारीनं ओचा सोडला. आत दोन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. "चार हुती. एक काल गेलं, एक सकाळी. शेळीचं दूध बोटानं पाजतिया, पर घेत न्हाईत."

तिनं पिल्लं फरशीवर ठेवली. त्यातलं एक कण्हल्यासारखं बारीक ओरडलं, आणि आवाराच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या केंद्रातून, बाराव्या पिंजऱ्यातून असा काही हंबरडा उठला की पाणीपुरवठ्यातली माणसंसुद्धा हातातली सूचना टाकून खिडकीत आली. कुत्री ओरडते कशी हे केरबाला बारा वर्षांत नीट ठाऊक झालेलं होतं. ही ओरड त्यानं कधी ऐकली नव्हती.

"हाय," म्हातारी म्हणाली. "हितंच हाय."

डॉक्टर उत्कर्षा धावत बाहेर आली. पिल्लं पाहिली आणि तिनं केरबाकडे पाहिलं. नंतर साहेबांच्या खोलीत, केरबासमोरच, तिनं हळू आवाजात सांगितलं, की कुत्री ठीक आहे, अशा शस्त्रक्रियेनंतरही ती पिल्लांना पाजू शकते, टाके आपोआप विरघळणारे आहेत आणि जखम कोरडी ठेवली की झालं. पण कार्डावर पिल्लं नाहीत असं लिहिलं आहे. या कार्डाची कुत्री शनिवारच्या आत सोडता येत नाही.

विश्वजितसाहेब वाईट माणूस नव्हते. फक्त शनिवारची बैठक त्यांच्या डोक्यात सोमवारपासूनच बसलेली असायची. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "उद्या कुणीही पिल्लू घेऊन येईल. कार्डात चूक असल्याचं लेखी कोण देणार? मॅडम, तुम्ही देणार?"

उत्कर्षानं तोंड उघडलं. तिनं दिलं असतं, हे केरबाला दिसलं. चूक तिची नसताना तिनं आपल्या नावावर घेतली असती, आणि मग तिच्या नोकरीवर पहिल्याच वर्षी डाग.

बाहेर फरशीवर म्हातारी पिल्लांच्या तोंडाला बोट लावून बसली होती. तिसरंही जाईल, केरबाच्या मनात आलं. आणि चौथं. आणि मी शनिवारी उठून बारा म्हणणार.

"मी देतो लेखी," तो म्हणाला. "मॅडमला मी खोटं सांगितलं. दूध हाताला लागलं हुतं. तळ बी दिसत हुता. बारा भरायचे म्हणून उचलली."

साहेबांनी कागद पुढं सरकवला. केरबाचं अक्षर वाईट, तरी त्यानं चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, "तुझं शनिवारी बघू," म्हणाले आणि सुटकेच्या कागदावर सही ठोकली.

नियमाप्रमाणे जिथून धरली तिथंच सोडायची होती, म्हणून केरबानं हरणीला, पिल्लांना आणि सुलाबाईला गाडीतूनच बंधाऱ्यावर नेलं. पुढच्या सीटवर बसायला म्हातारी तयार होईना. ती मागे जाळीत, कुत्रीपाशी बसली. हरणी आडवी झाली आणि पिल्लांनी तिला लुचायला सुरुवात केली. केरबा आरशात बघत होता आणि त्याला रस्ता नीट दिसत नव्हता.

तळावर सुलाबाईचा नवरा धुळा पुढं आला. काठी टेकवत त्यानं कुत्रीभोवती एक चक्कर मारली, पोटावरची पट्टी पाहिली आणि मग उजव्या कानाशी थांबला. कानाचं टोक सरळ कापलेलं होतं.

"ह्ये काय?"

केरबानं सगळं सांगितलं. आता हिला पुन्हा पिल्लं होणार नाहीत हेही सांगितलं. ते सांगणं त्याच्या फार जिवावर आलं. धुळा मटकन खाली बसला. त्याच्या आज्याच्या तळापासून या कुत्रीची वेल त्यांच्या मेंढरांमागं चालत आली होती. लांडग्याला भिडणारं रक्त होतं ते. "दोन राहिली," तो पिल्लांकडे बघत म्हणाला. "त्यातली मादी एकच."

केरबा हात जोडून उभा राहिला. म्हातारीनं शिव्या घालाव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं. शिव्यांची त्याला सवय होती.

सुलाबाई उठली. जवळच्या एका मेंढीचा कान धरून तिनं केरबाला दाखवला. त्यावर दोन बारीक खाचा होत्या. "आमच्यात कान बघून मेंढरू वळखत्यात. ज्यानं कान कापला, त्याचं मेंढरू. मेलं तर त्यानं रडायचं, हरवलं तर त्यानं हुडकायचं. हिचा कान तुमी कापला. आमी न्हाई." तिनं हरणीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता ही तुजी बी झाली, बाबा. आमी दरसाल येतो. आमी आलो की बघाय येत जा."

तिच्या आवाजात माया होती की शिक्षा, केरबाला कळलं नाही. तो "व्हय" म्हणाला आणि गाडीकडे वळला.

शनिवारी बैठकीत साहेबांनी त्याला दोन महिन्यांसाठी गटारावर पाठवलं. बायको आठवडाभर बोलली नाही. दोन महिन्यांनी साहेबांनीच त्याला परत बोलावलं, कारण दुसऱ्या कुणाला जाळं टाकता येत नव्हतं आणि आकडा पाचवर आला होता.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली. सोमवारी सकाळी अकरा कुत्री गाडीत भरून केरबा बंधाऱ्याकडे वळला. रानात तळ पडलेला होता. त्यानं गाडी लांब लावली, टपरीवाला सांगायचा तशी, आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या घेऊन चालत गेला. भाकऱ्या बायकोनं करून दिल्या होत्या, कुणासाठी ते न विचारता.

सुलाबाईनं लांबूनच ओळखलं. "हरणे," तिनं हाक दिली, "तुजा मालक आला गं."

मेंढरांमागून हरणी पुढं आली. तिच्याशेजारी तिच्याच रंगाची, दोन्ही कान शाबूत असलेली एक तरणी कुत्री होती. केरबाचा वास येताच हरणीनं दात दाखवले आणि ती गुरगुरली. ती विसरली नव्हती. केरबानं भाकऱ्या जमिनीवर ठेवल्या, वीस पावलं मागे जाऊन ढेकळावर बसला आणि वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं हरणी आली. एक डोळा त्याच्यावर ठेवून तिनं पहिली भाकरी उचलली आणि ती नेऊन लेकीपुढं टाकली.

शनिवारच्या बैठकीत केरबाचं नाव पुकारलं गेलं. तो उठला आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अकरा."