तेल लावलेला दोर

खंडेनवमीला पुंडलिकनं हत्यारांसोबत तो दोरही पाटावर मांडला, आणि तिथंच घात झाला.

तोफगाड्यांच्या कारखान्यात कप्पी-दोरानं वजनं चढवणं-उतरवणं हे त्याचं काम. मोठ्या साहेबाची मेम छावणीतल्या क्लबात बॅले बसवत होती. शापानं शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट, तीही तोंडातून शब्द न काढता, नुसती पायांनी सांगायची. शेवटी आभाळातून परी उतरते. राजकन्या, राण्या, दासी साऱ्या गोऱ्यांच्या मुली. परी मात्र पुंडलिकची नऊ वर्षांची शकू. काहून? तर बारा हात उंच छताला आपली पोर टांगायला एकही गोरी आई तयार नव्हती. आणि मोठ्या साहेबाच्या बायकोला नाही म्हणायची पुंडलिकची टाप नव्हती.

"नशीब काढलं पोरीनं," क्लबातला कारकून शरच्चंद्र म्हणाला होता. "तुझ्या सात पिढ्यांत कोणी आभाळातून उतरलं का बे?"

तीन आठवडे पुंडलिक भीतीपोटी पोरीला टांगायचा दोर रोज पीळन् पीळ तपासत होता. खंडेनवमीच्या सकाळी बायको नर्मदा म्हणाली, "दोरालेही पूजेत घ्या. देवाच्या हाती राहील पोर." करवत, हातोडी, पान्हा... दरसालासारखा जवसाच्या तेलाचा बोळा फिरवता फिरवता त्यानं तोच दोरावरूनही फिरवला. तेल लोखंडाला लावतात, दोराला नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हात तेवढे चालतात.

त्याच संध्याकाळी क्लबात पियानो वाजू लागला. वर फळीवर पंख लावलेली शकू. खाली विंगेत दोर धरलेला बाप. खूण झाली, शकूनं फळी सोडली, आणि पुंडलिकच्या मुठीतून दोर वीतभर सुळकन निसटला.

जवसाचा वास नाकात गेला. त्याला सगळं कळलं.

ओरडावं, तर पोर दचकून पाय झाडणार.

"शरदबाबू, धरा," तो शेजारी उभ्या शरच्चंद्रला हळूच म्हणाला.

"तेलकट आहे रे. माझा कोट..." शरच्चंद्र मागं सरकला.

पुंडलिकनं खांबाला पाय रोवला आणि दोराचे तीन वेढे उघड्या हाताला मारले. दोर करकचला, तरी सरकतच राहिला, इंच इंच, कातडं सोलत. शकू हात पसरून उतरत होती, शिकवलं तसं. ओठांवर हसू, डोळे मात्र बापावर खिळलेले. सहा हात. चार. पुंडलिकला घरची हत्यारं आठवली, त्यांवरची झेंडूची फुलं आठवली, आणि त्यानं देवाला आईवरून शिवी घातली.

तिची टाच रंगमंचाच्या फळ्यांना टेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले.

मेमसाहेब आनंदानं लालबुंद होऊन विंगेत आली. "बहुत सुंदर! इतना धीरे, काँपते हुए! कल भी बिलकुल ऐसा ही मांगता."

पुंडलिकनं रक्ताळलेला हात तिच्यासमोर धरला. "कल अपनी बच्ची को टाँगिए मेमसाब. दोर मैं पकडूँगा."

मेमसाहेबचं हसू जागीच विझलं. ती पाठ फिरवून निघून गेली.

"गेली बे तुझी नोकरी," शरच्चंद्र कुजबुजला.

"जाऊ द्या."

शकू पंख सावरत जवळ आली. "बाबा, मी पडत होती का?"

"नाही वं माय." बोटं मिटत नव्हती, म्हणून तिच्या पंखांच्या गाठी तो दातांनी सोडू लागला.