उजवा हात

विष्णुपंतांनी फळ्यावर 'थ्रो आउट' लिहिलं आणि त्याखाली अर्थ: हाकलून देणे, बाहेर काढणे. कोपऱ्यात तारीख होती, १८ जानेवारी १९७७. मागच्या बाकावर तपासणीचे साहेब बसले होते, शेजारी संस्थेचे चेअरमन हंबीरराव.

"वाक्यात उपयोग कोण करील?"

नववीचे सगळे हात वर गेले. आठवडाभर हे घोटून घेतलं होतं: येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. साहेबांना अख्खा वर्ग हुशार दिसायचा. सर उठवायचे ते फक्त उजव्या हातांना.

कृष्णात उठला. "द कंडक्टर थ्रू आउट माय अंकल."

"का रे?" साहेबांनी विचारलं.

"तासगावात बोकड घिऊन यष्टीत चढला व्हता जी."

वर्ग हसला. साहेबही हसले. विष्णुपंतांना हायसं वाटलं. सात वर्षं दर एप्रिलला त्यांच्या हातात नोकरीवरून कमी केल्याचा कागद पडे आणि जूनमध्ये नवी ऑर्डर. यंदा कायमची ऑर्डर हंबीररावांच्या टेबलावर सहीसाठी होती. तपासणी तेवढी पार पडायची होती.

अंजनाचा उजवा हात ताठ होता. ती हंबीररावांची मुलगी, वर्गात पहिली. विष्णुपंतांनी तिला उठवलं. तिला पाठ करायला दिलेलं वाक्य राजाचं आणि चोराचं होतं.

"माय फादर थ्रू आउट माय मदर," ती म्हणाली.

दिवाळीपासून तिची आई लीलाबाई परक्याच्या द्राक्षबागेत, मजुरांच्या शेडवर राहतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

"बरोबर आहे ना हो, सर?" साहेबांनी विष्णुपंतांना विचारलं.

"पोरगी चुकली न्हवं?" हंबीरराव सावकाश म्हणाले. "सांगा की सायबास्नी."

वाक्यात काहीच चुकलं नव्हतं. विष्णुपंतांच्या बोटांत खडू मोडला.

"चुकलं," ते म्हणाले. "बस खाली."

"काय चुकलं, सर?"

"बस म्हटलं ना."

ती बसली.

शनिवारी हंबीररावांनी ऑर्डर दिली, वर पेढा दिला. "आता तुमाला हितनं कोन हलवत न्हाई, सर."

सोमवारी वर्गात ना साहेब होते, ना चेअरमन. विष्णुपंतांनी सोपा प्रश्न विचारला. येत होतं त्यांचेच हात वर गेले. अंजनानंही हात वर केला. डावा.

त्यांनी कृष्णातला उठवलं. तो उत्तर सांगून बसला, तरी अंजनाचा डावा हात वरच होता.