अथेन्स आणि मागची गल्ली

बंद

इक्बालने फाटकाच्या गजांतून हात आत घालून तिकिटं दाखवली. आतल्या मुलीने ती पाहिली, मान हलवली आणि फाटकावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. उन्हामुळे टेकडी पाचपर्यंत बंद, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं.

"काय बोलते?" मागून हमीदाने विचारलं.

"बंद हाय. गरम लय हाय म्हणून."

"किती?"

"अडतीस. एकोणचाळीस."

हमीदा हसायला लागली. ओढणीचं टोक तोंडावर धरून, पण खांदे हलेपर्यंत.

"एवढ्याला? अडतीसला आपल्याकडं पोरं फुटबॉल खेळतात."

"हळू. तिला कळेल."

"तिला मराठी कळतं होय?"

इक्बालच्या पाठीवरच्या पिशवीत दोन स्वेटर आणि एक शाल होती. युरोप आहे, थंडी असणार, असं त्यानेच ठरवलं होतं. बहरीनला तो सनद भागात राहायचा आणि सलमाबादमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. गोदाम एसीच्या सुट्या भागांचं. पंचवीसेक वर्षं तो लोकांच्या घरातल्या गारव्याची काळजी वाहत होता आणि इथलं हवामान बघायचं विसरला होता. बाकी सगळं आतिकाने जमवलं होतं, त्यांच्या पुण्यातल्या लेकीने. "घर नाही आणि काम नाही अशा कुठल्यातरी गावी एकदा जाऊन या," असं ती फोनवर म्हणाली होती आणि तिकिटं पाठवून मोकळी झाली होती.

टेकडीवर अ‍ॅक्रोपोलिसचे पांढरे खांब दिसत होते. इक्बालने हमीदाला फाटकापुढे उभं करून फोटो काढला. खांब नखाएवढे आले. हमीदाचे डोळे मिटलेले आले.

सावली

ऑलिव्हच्या झाडाखाली एक दगडी कठडा होता. त्यावर बसून इक्बाल श्रीवर्धनच्या घराबद्दल बोलत होता.

सप्टेंबरात ती दोघं बहरीन कायमचं सोडणार होती. घर बांधून झालं होतं. न्हाणीच्या लाद्या तेवढ्या बसायच्या होत्या.

"स्वयंपाकाचा ओटा मोठा घेतलाय तुझ्यासाठी. खिडकीतून वाडी दिसेल. येणारी-जाणारी माणसं दिसतील. तुझी सगळी माणसं."

"हं."

"एवढी वर्षं त्या फ्लॅटात भिंतींशी बोललीस. आता सुटलीस."

"भिंतींशी मी कशाला बोलू?"

तो हसला. त्याला ते लाडाचं बोलणं वाटलं.

कंपनी त्याला आणखी दोन वर्षं ठेवायला तयार होती. मॅनेजर सागर वयाने लहान, पण माणूस चांगला. "इक्बालभाई, घाई नको. फिरून या, रविवारी सांगा," असं तो म्हणाला होता. इक्बालने त्या दिवशी जेवताना हमीदाला ते गंमत म्हणून सांगितलं होतं. "रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आपलं खलास." हमीदा तेव्हा पाणी आणायला उठली होती. टेबलावरचा जग भरलेलाच होता.

आता ती तिकिटाची घडी घालत होती. मग त्या घडीची घडी.

"नीट ठेव," इक्बाल म्हणाला. "पाचला लागेल."

दुकान

भूक लागली तशी ती दोघं गल्ल्यांतून फिरू लागली. जाळीवर काहीतरी भाजल्याचा वास सगळीकडे होता, पण ते कशाचं मांस ते कळत नव्हतं. इक्बाल प्रत्येक दारात इंग्रजीतून विचारी, आणि कोणी हसून पोर्क म्हणे, कोणी बिअरची बाटली दाखवी. शेवटी एका अरुंद गल्लीत, एका पाटीवर, ओळखीच्या लिपीत 'हलाल' दिसलं.

गल्ल्यामागे जाडशी बाई होती. डोक्याला काळा रुमाल. तिला इंग्रजी येत नव्हतं. इक्बालने आपली सगळी अरबी काढली. ती गोदामापुरती होती: यल्ला, खलास, मफी, बुकरा. चला, संपलं, नाही, उद्या. एवढ्यात माल देता येतो. जेवण मागता येत नाही.

हमीदा त्याला खांद्याने बाजूला सारून पुढे झाली आणि बोलायला लागली.

अरबी. थांबत थांबत नव्हे. उतारावरून पाणी जावं तशी. इक्बालने आधी आजूबाजूला पाहिलं, दुसरं कोणी बोलतंय का ते. ती बाई गल्ल्यामागून बाहेर आली. तिने दोन स्टुलं ओढली. एकावर ती बसली, एकावर हमीदा. इक्बाल पाठीवर स्वेटर घेऊन उभा राहिला. त्याच्या कानावर आलं ते असं:

"…… बहरीन ……?"

"…… सनद ……, …… …… बैत ……"

"…… …… हिंद?"

"…… सप्टेंबर …… …… ……"

"…… ……?"

"मा अबी."

"…… ……"

"मा अबी. …… …… …… मा अबी."

बाकीच्या गाळलेल्या जागा त्याला भरता आल्या नसत्या. पण 'मा अबी' हे तो रोज ऐकत होता. काउंटरवर ठेवलेला पार्ट गिऱ्हाईक दोन बोटांनी परत ढकलतं आणि म्हणतं, मा अबी. मला नको.

त्या बाईने हमीदाच्या गालावर हात ठेवला. मग दोघींनी एकदमच मान वळवून इक्बालकडे पाहिलं. रागाने नाही. फलाटावर दुसऱ्याच्या सामानाकडे बघावं तसं.

कोंबडी आली, रोटी आली, लोणच्यातले सलगम आले. पैसे घेताना बाईने अर्धेच घेतले.

"काय बोलत होतीस एवढं?"

"तिची लेक जर्मनीत हाय. सिरियातून आली तवापासून दोघींची भेट नाय." हमीदाने रोटीचा तुकडा मोडला. "कोंबडी हलाल हाय. खावा."

"आणि?"

"आणि काय? थंड होईल."

तो जेवला. सलगम आंबट होते. पुन्हा विचारावं असं त्याच्या दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा त्याने वर घास ठेवला.

चढ

पाचला फाटक उघडलं. वर जाणारा संगमरवर हजारो पायांनी घासून काचेसारखा झाला होता. इक्बाल नेहमीसारखा पुढे होता. मग थांबला, हमीदाला येऊ दिलं, आणि हात पुढे केला. तिने तो धरला.

"कुठं शिकलीस?"

"काय?"

"अरबी."

"मागच्या गल्लीत. उम्म जासिमकडं."

"कोण उम्म जासिम?"

हमीदा मधल्याच पायरीवर उभी राहिली. मागून येणारे पर्यटक त्यांना वळसा घालून गेले.

"ज्या घराच्या भिंतीला तुमी रोज गाडी लावता, त्या घरातली. जासिमची आई."

"त्या घरात कोण राहतं?"

"आतिकाला ताप चढला होता, चार वर्षांची होती. तुमी कामावर, फोन लागेना. मी एकेक दार वाजवत गेले. पहिलं तिचं उघडलं. तिच्याच गाडीतून नेलं दवाखान्यात." ती पुन्हा चढू लागली. "तवापासून रोज जाते. दुपारी असरची नमाज झाली की."

"मला सांगितलं नाय कधी."

"सांगितलं की. तुमी 'बरं' बोललाव."

इक्बाल दहा-बारा पायऱ्या मोजत चढला.

"उन्हाळ्यात आपल्या गाडीच्या काचेवर पुठ्ठा तू लावतेस ना?"

"मी नाय."

"मग?"

"जासिम लावायचा. आता तो दम्मामला गेला, तर त्याचा बाप लावतो."

इक्बालने रुमाल काढून मान पुसली. दुपारी घरी जेवून पुन्हा कामावर निघताना स्टीअरिंगला हात लावता येतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. तो लावता येतो तो कोणामुळे, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

काय पाहाल

हमीदा चढत होती आणि सांगत होती. त्याने जे ऐकलं ते साधारण असं.

*मागची गल्ली, सनद. असरनंतर उघडी. प्रवेश बाजूच्या हिरव्या दाराने, चप्पल बाहेर. आत डावीकडे मोठी खोली, तिथे बायका जमिनीवर बसतात. खिडकीजवळची जागा हमीदाची. दुसरं कोणी बसलं तर उठवतात. येथील प्रसिद्ध गोष्ट: तांदळाची घावनं, नारळाच्या रसासोबत. कोकणातून आलेली, आता सगळ्या गल्लीत होतात, शब-ए-बारातला तर नक्कीच. उम्म जासिमच्या दोन्ही सुनांच्या बाळंतपणात हमीदा रात्री तिथे होती (इक्बालला वाटलं होतं, ती जुफैरला आपल्या मावसबहिणीकडे गेली आहे, तिने तसं म्हटलं नव्हतं, त्यानेच धरलं होतं). उम्म जासिमचे गुडघे गेले आहेत. आता तिचे केस विंचरायला हमीदा लागते. सुनांचा हात तिला चालत नाही.*

दोघं वर पोचली तेव्हा खांब खरोखरच मोठे होते. त्यांच्या पलीकडे पांढरं शहर पसरलं होतं आणि त्याच्याही पलीकडे समुद्राची पट्टी. लोक फोटो काढत होते. इक्बाल हमीदाकडे पाहत होता. तिची ओढणी वाऱ्याने खांद्यावर आली होती आणि ती सावरत नव्हती.

"फोटो काढा की," ती म्हणाली.

त्याने फोन वर धरला. मग खाली घेतला.

"शुक्रवारी मला दाखवशील?"

"काय?"

"ती गल्ली."

हमीदाने ओढणी डोक्यावर घेतली आणि समुद्राकडे तोंड केलं. तिने हो म्हटलं नाही. पण उतरताना ती पुढे होती.

सनद

शुक्रवारी असरनंतर हमीदा जिना उतरून वळली आणि तो मागे मागे गेला. रस्ता त्याच्या पायाखालचाच होता. गाडी भिंतीला लागलेली होती, काचेवर पुठ्ठा होता. हमीदाने हिरवं दार न वाजवता उघडलं आणि आत गेली. आतून तीन-चार बायकांचे आवाज एकदम उठले आणि दार लागलं.

त्याच्यासाठी पुढचं दार होतं. पांढरा सदरा घातलेल्या म्हाताऱ्याने, जासिमच्या बापाने, ते उघडलं, त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. थेट बैठकीपर्यंत नेऊन गादीवर बसवलं.

"आओ, आओ. हमीदा का आदमी." हिंदी घसरती होती, पण बिनचूक. तरुणपणी मुंबईला कापड घ्यायला जायचो, असं अबू जासिम म्हणाला. "पचीस साल से गाड़ी देखता हूँ. आदमी आज देखा."

इक्बालने बाहेरच्या गाडीकडे बोट केलं. "वो पुठ्ठा..." तो म्हणाला. "शुक्रिया."

म्हाताऱ्याने हात हवेत झटकला. पितळी किटलीतून लहानशा बिनकानाच्या कपात कॉफी ओतली. कडू, वेलचीची. इक्बालने ती संपवली. अबू जासिमने पुन्हा ओतली. तीही संपवली. पुन्हा. गोदामात चहा असायचा, आणि कोणाच्या घरात तो असा कधी बसलाच नव्हता. पाहुण्याने रिकामा कप खाली ठेवायचा की हातात धरायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. सहाव्या कपाला त्याचा चेहरा पाहून म्हातारा पोट धरून हसला.

"अरे, हिलाओ! कप हिलाओ, तब बंद करूँगा. नहीं तो शाम को मगरिब तक पिलाता रहूँगा."

त्याने करून दाखवलं. रिकामा कप, मनगटाला हलकासा झटका, डावी-उजवीकडे. म्हणजे पुरे.

इक्बालही हसला. त्याने करून पाहिलं. जमलं.

पडद्यापलीकडून हमीदाचा आवाज येत होता. ती कोणालातरी रागे भरत होती, अरबीत, आणि ती जी कोणी होती ती हसत होती. घरात हमीदाचा आवाज एवढा मोठा होत नसे. इक्बालला वाटलं, हिला एवढं बोलायला असतं, तर आपल्याशी जेवताना ती गप्प का असते. मग वाटलं, आपण तिला विचारतो काय? मीठ, चाव्या, आतिकाचा फोन आला का.

अबू जासिमही ऐकत होता. त्याने डोकं थोडं पडद्याकडे कललेलं ठेवलं होतं, रेडिओ ऐकावा तसं.

"मेरी बीवी रोती है," तो सहज म्हणाला. "बोलती है, सप्टेंबर में हमीदा जाएगी. कब जाना है? टिकट हो गया?"

उद्या शनिवार. परवा रविवार, सागरच्या टेबलापुढे उभं राहायचं. इक्बालने हातातल्या कपाकडे पाहिलं. तळाशी थोडी पिवळट कॉफी होती. ती त्याने संपवली.

"पूछा नहीं अभी," तो म्हणाला.

"किसको? कंपनी को?"

"नहीं."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्याने किटली उचलली आणि वाट पाहिली.

इक्बालने कप पुढे धरला. हलवला नाही.