उणे एकतीसची पैज

तळ्याच्या या काठाला मी, त्या काठाला हिल्का. मधे हिवाळ्यात एक किलोमीटर बर्फ, उन्हाळ्यात तेवढंच पाणी, आणि गाडीरस्त्याने वळसा घालून गेलं तर अकरा किलोमीटर. माझा नवरा कालेर्वो गेला त्याला चौदा वर्षं झाली, तिचा त्याच्याही आधी गेला. तेव्हापासून आमची एक रीत होती. सकाळी उजाडलं की समोरच्या घराच्या धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला म्हणजे बाई जिवंत आहे. मग आपल्या कामाला लागायचं.

ही रीत मोडली मीच. लाकडं फोडून फोडून कंबर गेली, आणि विजेच्या हीटरांचं बिल बघून उरलासुरला धीरही गेला. त्र्याहत्तराव्या वर्षी मी हीट पंप बसवून घेतला. बाहेरच्या भिंतीवर पंख्याचं एक खोकं, आत दाराच्या वर एक लांबट पेटी. थंड हवेतही थोडी ऊब असते म्हणे, ती हे खोकं ओढून घरात आणतं. शून्याच्या आसपास हवा असली तर एका युनिट विजेत तीन युनिटांची ऊब देतं. जानेवारीचं माझं बिल दोनशे ऐंशी युरोंवरून एकशे वीसवर आलं. मी ते हिल्काला फोनवर वाचून दाखवलं.

"थंड हवेतून ऊब काढतेस?" ती म्हणाली. "उद्या दगडाचं दूध काढशील."

"काढीन. तुला वाटीभर पाठवीन."

दोन वर्षं मला हसली आणि मग स्वतःच घेतला. तोही नवा, माझ्यापेक्षा भारी, उणे तीसलाही चालतो असं कागदावर छापलेला. त्या दिवसापासून बाईचं नाक जे वर गेलं ते खाली आलंच नाही. माझा पंप उणे वीसला धापा टाकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण त्यामुळे दोन्ही धुराडी गप्प झाली. कोण जिवंत, कोण नाही, कळेना. म्हणून रोज सकाळी दहाला, उजाडल्यावर, फोन सुरू झाला. ती करायची. "धूर?" मी म्हणायची, "नाही." मग दोघी हसायचो. त्यातूनच पैज निघाली. कडाक्याची थंडी पडली की जिच्या धुराड्यातून आधी धूर निघेल ती हरली. सॉनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा धूर धरायचा नाही, स्वयंपाकघरातल्या मोठ्या भट्टीचाच धरायचा. हरलेलीने पोटात मासे भरलेला काळा पाव भाजायचा आणि बर्फावरून जिंकलेलीच्या घरी नेऊन द्यायचा.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी मी मुद्दाम हरले. घरात चांगले सतरा अंश होते, तरी भट्टी पेटवली. कारण हरलेलीला समोर जायला मिळतं. तिच्या टेबलाशी बसून तिचे टोमणे ऐकत तीन कप कॉफी पिता येते. सबंध हिवाळ्यात मी दुसऱ्या कुणाच्या घरी गेले नव्हते.

या वर्षी मात्र मला जिंकायचंच होतं. नाताळपासून हिल्का मला घरी येऊ देत नव्हती. कधी तिला सर्दी, कधी गुडघा, कधी लेक तूइरे येणार म्हणून आवराआवर. मी येते म्हटलं की विषय बदलायची. मग मी मनाशी ठरवलं, या खेपेला पाव घेऊन तूच ये. बघू कशी येत नाहीस.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी उतरली. सोमवारी उणे बावीस, मंगळवारी उणे सव्वीस. वाऱ्याचा मागमूस नाही, त्यामुळे पवनचक्क्या उभ्या आणि वीज महाग. एका युनिटला चाळीस सेंट. अशा थंडीत माझा पंप जेवढं खातो तेवढंच देतो, जेमतेम. वर तासातासाला थांबून स्वतःच्या अंगावरचं गोठलेलं दव वितळवत बसतो, तेवढा वेळ घराला काही नाही. स्वयंपाकघर सोळावर आलं, मग चौदावर. मी कालेर्वोचा कोट घालून खिडकीशी दुर्बीण घेऊन बसले. समोर हिल्काच्या भिंतीवरून मधूनच पांढरी वाफ उठायची, म्हणजे तिचा पंपही दव झाडत होता. अंधार पडला की अंगणातला दिवा लागायचा. धूर मात्र नाही.

बुधवारी दहाला फोन आला.

"धूर?"

"नाही. तुझ्या घरात किती?"

"एकोणीस."

"खोटारडी! बाहेर मायनस एकोणतीस आहे."

"माझा पंप तुझ्यासारखा म्हातारा नाहीये, साइमी."

"मग मी येऊनच बघते तुझे एकोणीस."

"नको गं. सर्दी बरी नाही अजून, तुला लागेल."

"मला काय लागायचं राहिलंय आता?"

त्यावर ती नुसती हसली. मला राग आला. सत्तर वर्षांपासूनची मैत्रीण, एका बाकावर बसून शाळा शिकलेली, आणि सर्दीचं कारण सांगते.

गुरुवारी उठले तर उणे एकतीस. स्वयंपाकघरात अकरा. नळातून करंगळीपेक्षाही बारीक धार. थोडा वेळ मी नळाकडे बघत उभी राहिले. पैज पैजेच्या ठिकाणी, पण पाइप फुटला तर दुरुस्तीला येणारा माणूस शहरातून येतो आणि येतानाच पन्नास युरो मागतो. मोडेन पण वाकणार नाही हे तरुणपणी ठीक. मी बर्चच्या झाडाची साल भट्टीत खुपसली आणि काडी ओढली. अर्ध्या तासात भट्टी घुमायला लागली. अंगणात जाऊन बघितलं तर धूर खांबासारखा सरळ उभा, जाडजूड, निळ्या आभाळाखाली. आंधळ्यालाही दिसला असता.

खरं सांगते, मला बरंच वाटलं. हरले तर हरले. आता तिला येऊ नको म्हणता येणार नव्हतं, पैजेचा नियमच तसा होता. मी काळं पीठ भिजवायला घेतलं आणि दहा वाजायची वाट बघत बसले. आज ती कशी खदखदून हसणार, काय काय बोलणार, सगळं मला आधीच ऐकू येत होतं.

दहाला फोन वाजला.

"काय म्हातारे," हिल्का म्हणाली, "अजून धूर नाही? मरशील, पण पेटवणार नाहीस!"

मला वाटलं, चेष्टा करतेय. "नीट बघ," मी म्हटलं.

"बघितलं की. काही नाही."

"हिल्का, खिडकीशी आहेस ना?"

"मग कुठे असणार?"

"माझं घर दिसतंय?"

"लख्ख दिसतंय. आज हवा किती स्वच्छ आहे."

"आणि धूर?"

"काडीइतकासुद्धा नाही. कमाल आहे बाई तुझी."

माझ्या पाठीमागे भट्टी धडधडत होती. माझ्या आईचं असंच झालं होतं. शेवटच्या दिवसांत समोरची वस्तू तिला दिसायची नाही आणि दिसते म्हणून ती हसत सांगायची. मी "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला, पिठाचे हात पुसले आणि निघाले.

पायाने रेटायची घसरगाडी बर्फावर बरी पळते, पण त्या थंडीत श्वास मफलरवरच गोठतो. अर्ध्या वाटेत छातीत दुखायला लागलं. थांबावंसं वाटलं, थांबले नाही. ती जमिनीवर पडली असेल, पडूनच फोन करत असेल, लेकीला कळवावं की आधी रुग्णवाहिका बोलवावी, हेच डोक्यात चाललं होतं. देवाला मी फारशी हाक मारत नाही. त्या दिवशी मारली.

तिच्या अंगणात पोचले तर पंप घुमत होता. पायवाटेवर गुडघाभर बर्फ होतं आणि त्यावर एकाही पावलाची खूण नव्हती. आणि दाराला झाडू तिरका टेकवलेला होता. आमच्याकडे दाराला झाडू लावला की त्याचा अर्थ एकच, घरात कुणी नाही.

किल्ली लाकडांच्या खोपीत नेहमीच्या खिळ्यावर होती. आत गेले. फ्रिज रिकामा, पुसलेला, वास येऊ नये म्हणून दार उघडं टाकलेलं. खिडकीतल्या कुंड्या नाहीत. घड्याळ बंद. दारावरच्या पेटीवर हिरवा आकडा होता, दहा. तो आकडा मला चांगला माहीत आहे. मोकळ्या घराचे पाइप गोठू नयेत म्हणून पंप दहावर लावून जातात. अंगणातला दिवाही अंधार पडला की आपोआप लागणारा.

तीन आठवडे हे घर रिकामं होतं, आणि मी त्याच्याशी पैज लावून कुडकुडत होते.

संताप आला. आधी संतापच. मी कोट न काढता तिच्या खुर्चीवर बसले आणि फोन लावला. एरवी मी लावत नाही, तीच लावते.

"काय गं? पेटवलीस की काय?"

"तुझ्या स्वयंपाकघरात बसलेय मी."

तिच्या मागे कुठेतरी लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

"झाडू दिसला असेल," ती म्हणाली.

"दिसला. तू कुठे आहेस?"

"कुओपिओला, शहरात. तूइरेच्या घराजवळ. चौथा मजला." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "डिसेंबरात खोपीपाशी पडले गं. तासभर बर्फात होते. तूइरे नाताळला घेऊन गेली ती पोचवायला आलीच नाही."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुला? एकोणीस म्हणे! धूर नाही म्हणे! मी इथे अकरा अंशात बसलेय मूर्खासारखी!"

"अकरा? अगं, मग पेटवायची ना!"

"पेटवली! सकाळपासून पेटलीय! तुला दिसली नाही!"

ती रडायला लागली. हिल्काला मी रडताना दोनदाच ऐकलंय, दोन्ही वेळा कबरस्तानात.

"तुला टाकून गेले असं सांगितलं असतं तर तू फोनवर बोलली असतीस का?" तिने विचारलं. "तुझा स्वभाव मला माहीत नाही?"

मी विचार केला. "नसते बोलले," मी म्हटलं.

"मग."

तिने नाक ओढलं. "इथे ऊब भाड्यातच येते. कितीही थंडी पडू दे, बावीस. बिल नाही, काही नाही. मोजायलाच काही नाही गं. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते, शंभर खिडक्या. कोण कुठली, कोण उठली, कोण नाही, काही कळत नाही." आणि मग जुन्या आवाजात, "घरात किती आहे आत्ता?"

"दहा."

"बाहेर?"

"मायनस एकतीस."

"बघ. धरून ठेवलंय की नाही? सांगत होते मी."

"रिकामं घर दहावर कुणीही धरेल," मी म्हटलं.

ती हसली, थोडंसंच. वसंतात घर विकायला काढणार, तूइरेने फोटो काढणाऱ्याला सांगूनसुद्धा ठेवलंय, हे तिने हळूच सांगितलं. उद्या दहाला फोन करू का, असंही विचारलं. मी कर म्हटलं. राग गेला नव्हता, तरी कर म्हटलं.

फोन ठेवून मी तशीच बसून राहिले. या खुर्चीतून समोरची खिडकी थेट तळ्यावर उघडते. इतक्या वर्षांत मी इथे कितीदा बसले, पण तेव्हा हिल्का समोर असायची, बाहेर बघायला कोण जातंय? आज बघितलं. बर्फापलीकडे माझं घर आगपेटीएवढं दिसत होतं आणि त्यावर धुराची एक बारीक रेघ. भट्टीत लाकडं टाकायला तिथे कुणी नव्हतं, तेव्हा रेघ विरळ होत गेली. मी बघत राहिले. पाऊण तासाने ती दिसेनाशी झाली, आणि मग इथून बघणाऱ्याला त्या घरात कुणी राहतं असं वाटलं नसतं.