चिंदरकरांचे कान

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल. आजी-आजोबांच्या खोलीत बघा. बिघडलेली नाही, पण कोणी लावतही नाही, अशी एक वस्तू तिथे असते आणि तिच्यावर औषधांचा डबा ठेवलेला असतो. माझ्यावरही आहे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात माझ्या शेजारी माझ्यासारखेच पुष्कळ जन्मत होते आणि कोणीही रडत नव्हतं. पुढे ठाण्याच्या एका दुकानात काचेआड उभा राहिलो. तिथून मला साईनाथ चिंदरकर घेऊन गेले. स्पीकरांची खोकी त्यांनी पायाशी ठेवली, मला मांडीवर घेतलं आणि रिक्षाने थेट डोंबिवलीला आणलं. खड्डा आला की मला म्हणायचे, "सांभाळ रे." इतक्या आपुलकीने माझ्याशी पुढे कोणी बोललं नाही.

चिंदरकर मूळचे मालवणकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. त्यांना फक्त ऐकता यायचं, आणि ते काम ते एखाद्या पूजेसारखं करायचे. रविवारी सकाळी आंघोळ करून, दाराला कडी लावून नवा अल्बम लावायचा. एकदा डोळे मिटून ऐकायचा, मग गुडघ्यावर कागद घेऊन पुन्हा ऐकायचा. त्यानंतर साप्ताहिक 'खाडीकाठ'च्या वाचकांच्या पत्रांसाठी आपलं मत लिहायचं. पाकिटात घालण्याआधी ते पत्र मोठ्याने वाचायचे. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी शीलाबाई "हं" म्हणायच्या. मग पत्र जायचं.

त्यांची मतं गावात गाजायची. एकदा त्यांनी लिहिलं, "अल्बममध्ये आठ कवी आहेत आणि चाल एकच आहे. कवींनी एकदा एकत्र भेटावं." पुढे एका तबलजीबद्दल लिहिलं, "हे गाण्याच्या बरेच पुढे असतात. पुढे काय आहे ते त्यांनी गायकालाही सांगावं." तो तबलजी रस्त्यात भेटला तेव्हा त्याने त्यांना वाकून नमस्कार केला. पत्रात आपलं नाव आलं याचाच त्याला आनंद झाला होता.

हळूहळू असं झालं की डोंबिवलीतला कोणीही नवा गायक आपली गाणी आधी चिंदरकरांकडे आणून द्यायचा. दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे माणसं नवे कपडे घालून रस्त्यावर उतरतात आणि ठिकठिकाणी गाण्याचे कार्यक्रम होतात. आमच्या भागातल्या कार्यक्रमाची समिती तर नव्या गायकाला बोलावण्याआधी चिंदरकरांचं पत्र छापून येण्याची वाट बघायची. समितीतल्या कोणालाच गाण्यातलं कळत नव्हतं, त्यामुळे हे सगळ्यांना सोयीचं होतं.

आता माझ्या बटणाबद्दल सांगतो. आवाजाच्या बटणावर एक पांढरी रेघ आहे. पहिली काही वर्षं ती रेघ खिडकीकडे बघायची. मग ती वर पंख्याकडे बघू लागली. मग तीही वर्षं गेली आणि ती दाराकडे बघू लागली. दाराबाहेर शेजारी राहतात.

चिंदरकरांचं म्हणणं पडलं की मी दबका झालोय. त्यांनी माझ्या वायरी बदलल्या, जाळ्या पुसल्या. शेवटी मला कल्याणला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने मला चिंदरकरांच्या नेहमीच्या आवाजात लावलं. दोन गिऱ्हाइकं उठून बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली. दुकानदार म्हणाला, ह्याला काही झालेलं नाही. परतताना चिंदरकर रिक्षावाल्याला सांगत होते की आजकाल कारागीर राहिले नाहीत.

मित्रांनो, म्हातारपणी कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. आ, ई, ऊ राहतात. स, श, त, फ जातात. सूर ऐकू येतो आणि शब्द विरघळतात. ज्याचे कान जातात त्याला वाटतं, हल्ली लोकच नीट बोलत नाहीत. शीलाबाईंनी एकदा सुचवलं होतं की कान दाखवून घ्या. त्यावर चिंदरकर बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून शीलाबाई फक्त थोड्या मोठ्याने बोलू लागल्या. घरात आवाज वाढवणारे आता आम्ही दोघं झालो.

अशात दिशा केणे आली.

ती जवळच्याच एका आगरी गावातली. गावाचं आता नावच उरलंय. शेतं आणि मिठागरं होती तिथे टॉवर आहेत. आपला पहिला अल्बम सीडीवर उतरवून ती स्वतः घेऊन आली होती. चहा पिताना तिने शीलाबाईंना सांगितलं की पहिल्याच स्पर्धेत एक परीक्षक माइकवरून म्हणाले होते, आवाज छान आहे, पण उच्चारांना खाडीचा वास येतो. सगळं सभागृह हसलं. ती पण हसली. मग घरी जाऊन तिने 'ळ' आणि 'ण' घासायला घेतले आणि कित्येक वर्षं घासत राहिली. घरी एक भाषा, तानपुऱ्यासमोर दुसरी.

"काका, समितीवाले बोलले की चिंदरकरकाकांचं पत्र येऊ दे, मग दिवाळीचं बघू," ती म्हणाली. चिंदरकरांनी मान हलवली. यातलं त्यांना किती ऐकू आलं मला माहीत नाही. मान ते हल्ली सगळ्यालाच हलवायचे.

रविवारी त्यांनी माझी रेघ दाराकडे फिरवली. मित्रांनो, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढलेत, त्यामुळे एवढं मला नक्की कळतं. तिचं एकेक अक्षर निवडलेल्या तांदळासारखं स्वच्छ होतं. शीलाबाईंनी कुकरखालचा गॅस बंद केला आणि ओट्याशी उभ्या राहून ऐकलं. दुसऱ्या गाण्याला त्या ध्रुवपद गुणगुणत होत्या.

मग चिंदरकरांनी पत्र वाचून दाखवलं. "कुमारी दिशा केणे यांचा गळा गोड आहे, पण त्या शब्द खातात. उच्चारांवर कष्ट घेतल्याखेरीज त्यांनी व्यासपीठाची घाई करू नये."

या वेळी "हं" आलं नाही. शीलाबाई म्हणाल्या, "मला तर सगळे शब्द कळले." पण ते त्या आपल्या नेहमीच्या, जुन्या आवाजात म्हणाल्या. त्यामुळे ते फक्त मी ऐकलं. पत्र गेलं.

'खाडीकाठ' आला तेव्हा चिंदरकर सोफ्यावर बसले आणि त्यांनी आपलं पत्र मोठ्याने वाचलं. आपलं छापून आलेलं पत्र ते नेहमी असं वाचायचे, जणू दुसऱ्या कोणा जाणकाराने लिहिलंय. मग ते खालच्या पत्राकडे वळले. खाली सही होती, 'एक त्रस्त रहिवासी'. लिहिलं होतं की आमच्या इमारतीत एक संगीतप्रेमी गृहस्थ राहतात. रविवारी त्यांचं गाणं आमच्या घरात इतकं येतं की गेल्या आठवड्यात एका नव्या गायिकेची सगळी गाणी आमच्या नातीची पाठ झाली, अगदी शब्दांसकट. गायिकेबद्दल तक्रार नाही. गृहस्थांना कोणी आवरेल का?

चिंदरकर संतापले. "बघ कसली माणसं असतात," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कानांचा काही विचार नाही. अशांवर सोसायटीने कारवाई केली पाहिजे."

शीलाबाई भाजी चिरत होत्या. विळीवरून उठून त्या त्यांच्या कानाशी आल्या. "अहो, ते तुमच्याबद्दल आहे."

"काय?"

"तुमच्याबद्दल. खालच्या नलावड्यांनी लिहिलंय. आणि ती मुलगी शब्द खात नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."

चिंदरकरांनी पेपरची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा घातली. मग ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे मलाच बोल लावतील. त्यांनी फक्त माझी वायर भिंतीतून काढली.

गावाने दोन्ही पत्रं एकाखाली एक वाचली होती. पुष्कळ हसं झालं. पण हसूनही समितीने दिशाचं नाव यादीतून गाळलं ते गाळलंच. छापून आलंय म्हटल्यावर उगाच वाद नको, असं ठरलं.

त्या आठवड्यात दिशाची आजी तुळसाबाई दारात येऊन उभी राहिली. दिशा तिच्या मागे होती. तिला यायचं नव्हतं हे तिच्या चपला न काढण्यावरून कळत होतं. तुळसाबाईचं आयुष्य मिठागरावर गेलेलं, एका बांधावरून पार पलीकडच्या बांधावर हाक मारण्यात. तिला हळू बोलता येतच नव्हतं.

"बाला," ती म्हणाली, "माजे नातीनी तुजं काय वाकरं केलं रं? अवरी वरसं पोर जीब घासते. तुला आयकू नाय आलं, तं लिवाचं व्हतं, आयकू नाय आलं."

चिंदरकरांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. किती वर्षांनी असं झालं असेल कोण जाणे. तेवढ्या वेळात ते मान हलवायचं विसरले. मग म्हणाले, "माझे कान गेलेत, आजी."

"मग तसं छापा ना, काका," मागून दिशा म्हणाली. तेही मोठ्यानेच म्हणाली.

शीलाबाई त्यांना ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. परत आले तेव्हा दोन्ही कानांत यंत्रं होती. आल्याबरोबर त्यांनी मला पुन्हा जोडलं आणि दिशाचा अल्बम लावला. ती यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी केलेली असतात. त्यांतून शब्द आले, पण गाणं पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं आलं. चिंदरकर शेवटपर्यंत ऐकत राहिले. एकेका शब्दाला त्यांनी बोटाने मांडीवर खूण केली. सूर त्यांना एकही मिळाला नाही. त्यांच्याकडे आता गाणं उरलं नव्हतं, फक्त त्याचा मजकूर उरला होता.

त्यांनी पत्र लिहिलं. "माझे कान निकामी झाले आहेत आणि हे मी मान्य करत नव्हतो. दिशा केणे यांचे उच्चार निर्दोष आहेत. माझ्या मताची शिक्षा त्यांना होऊ नये." वाचताना त्यांचा आवाज अडखळला नाही. हे छापून आल्यावर कोणी आपल्याला पुन्हा गाणं आणून देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते पाकीट टाकायला ते स्वतः गेले.

अंक दिवाळीचा होता. पानं जाहिरातींनी भरलेली. पत्रातलं पहिलं वाक्य छापलं गेलं, 'ज्येष्ठ श्रोत्याची कबुली' अशा मथळ्याखाली. पुढची दोन जागेअभावी गळली. खाली फराळाची जाहिरात होती. ती पूर्ण होती.

मग चिंदरकर मूळ पत्राची प्रत घेऊन समितीकडे गेले. शीलाबाई बरोबर होत्या, त्यांनीच घरी आल्यावर शेजारणीला सांगितलं म्हणून मला कळलं. समितीच्या माणसांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं मोठ्या आवाजात विचारलं. पत्र वाचून झाल्यावर एकाने अगदी अदबीने म्हटलं, "काका, तुम्हाला ऐकूच येत नाही ना? मग तिचे उच्चार स्वच्छ आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

शीलाबाई म्हणाल्या, मी ऐकलंय, मला सगळे शब्द कळले. त्यावर समितीच्या माणसांनी त्यांनाही पाणी दिलं.

ऐकू येत नव्हतं तेव्हा चिंदरकरांनी जे लिहिलं ते सगळ्यांनी मानलं. ऐकू आल्यावर जे सांगितलं ते कोणी मानलं नाही. मी वस्तू आहे, मला याचा अर्थ लावता येत नाही. तुम्ही मोठे झाल्यावर लावा.

दिवाळी झाली. कार्यक्रम दुसऱ्याच कोणी केला. दिशा आता गात नाही असं शीलाबाई म्हणतात. तिच्या गावात लग्नाच्या हळदीला बायका तिला बोलवायला जातात, ती घरात नाही असं आतून सांगायला लावते. चिंदरकर कानांतली यंत्रं जेवताना लावतात आणि जेवण झालं की काढून ठेवतात. 'खाडीकाठ' येतो, त्याची घडी कोणी मोडत नाही. शीलाबाईंनी आयुष्यातलं पहिलं पत्र 'खाडीकाठ'ला पाठवलंय, स्वतःच्या नावाने. अजून छापून आलेलं नाही. त्यांचं मत पूर्वी कधी छापलेलं नसल्यामुळे ते कितपत विश्वासाचं, असा प्रश्न असावा.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू सांगतो की आमची धूळ पुसा, आम्हाला भंगारात देऊ नका. माझी धूळ राहू द्या. औषधांचा डबा त्यामुळे घसरत नाही. पण तुमच्या घरात कोणी आवाज वाढवू लागलं, तर त्यांना तेव्हाच सांगा. रुसतील, तरी सांगा. हळू सांगू नका. आणि दिशा केणे नावाच्या मुलीची गाणी कुठे मिळाली, तर कोणी काय लिहिलंय ते न बघता स्वतःच्या कानांनी ऐका. आवाज बेताचाच ठेवा. तेवढ्यातही तिचे सगळे शब्द कळतात.